उजनीचं हिरवं पाणी उपग्रहावरून कसं वाचायचं

पुण्याहून सोलापूरकडे निघालं आणि भिगवण मागे पडलं की डाव्या हाताला अधूनमधून उजनीचं पाणी दिसू लागतं. ऐन उन्हाळ्यात ते निळं नसतं, पालक वाटून ओतल्यासारखं दिसतं. गाडीत कुणीतरी ‘पुण्याची घाण’ म्हणतं, कुणी ‘शेवाळ आलंय’ म्हणतं, आणि पळसदेव येईपर्यंत विषय बदललेला असतो. हिरवं पाणी नेमकं कुठून कुठपर्यंत आहे, कधी सुरू झालं, गेल्या वर्षी याच महिन्यात कसं होतं, हे विचारलं तर सगळे गप्प. ही उत्तरं एका रविवारात, घरच्या संगणकावर, एक रुपयाही न देता काढता येतात. कशी, ते खाली सांगतो. संगणकाची भाषा यायची गरज नाही. नकाशा वाचता आला आणि बेरीज-वजाबाकी, भागाकार कळला की पुरे.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच सांगायला हवी, कारण नवखे इथेच घसरतात. उपग्रहाला रंग दिसतो, उष्णता दिसते, रडार असेल तर पृष्ठभाग गुळगुळीत आहे की खडबडीत ते दिसतं. सांडपाण्यातला अमोनिया त्याला दिसत नाही, जिवाणू दिसत नाहीत, पाण्यात विरघळलेला प्राणवायू दिसत नाही, शिसं-पारा तर नाहीच. काचेसारखं नितळ पाणीही विषारी असू शकतं आणि उपग्रह त्याला शंभर टक्के गुण देईल. त्यामुळे या चित्रांवरून विचारायचे प्रश्न दोनच: कुठे आणि केव्हा. ‘काय’ याचं उत्तर शेवटी बाटलीतच मिळतं.

जागा ओळखीची निवडा

पहिला सराव तुम्ही पायाने फिरलेल्या जागेवर करा. मी उजनी निवडली, कारण ती मोठी आहे आणि तिची गोष्ट सरळ आहे. भीमेवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं. साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे टक्केवारीत न धरलेलं तळाचं पाणी. म्हणून तर उन्हाळ्यात वर्तमानपत्रं ‘उजनी उणे इतके टक्के’ अशी छापतात. वरच्या अंगाला पुणे आणि पिंपरी-चिंचवड. पवना दापोडीजवळ मुळेला मिळते, मुळा-मुठेचा संगम पुण्यात, इंद्रायणी तुळापूरला भीमेत, मुळा-मुठा पुढे रांजणगाव सांडसजवळ भीमेत. दोन महानगरांचं सांडपाणी, शुद्ध केलेलं आणि न केलेलं, शेवटी या एकाच जलाशयात येऊन थांबतं. ‘थांबतं’ हा शब्द महत्त्वाचा. वाहत्या नदीत नत्र आणि स्फुरद पुढे निघून जातात. साचलेल्या, उन्हाने तापलेल्या पाण्यात त्यावर शेवाळ पोसलं जातं.

तुमच्या गावाजवळ दुसरा तलाव असेल तर तो घ्या. एवढंच पाहा की पाण्याची रुंदी निदान शंभर मीटर असावी. त्याचं कारण पुढे येईल.

चित्र उघडणं

युरोपच्या कोपर्निकस कार्यक्रमाचं ‘कोपर्निकस ब्राउझर’ नावाचं मोफत संकेतस्थळ आहे. नाव-ईमेल देऊन खातं उघडा, सगळ्या सोयी त्यानंतर खुल्या होतात. नकाशा सरकवत भिगवणवर आणा आणि डाव्या बाजूच्या यादीतून ‘सेंटिनेल-२’ निवडा. या मालिकेचा पहिला उपग्रह जून २०१५ मध्ये गेला, दुसरा मार्च २०१७ मध्ये, आणि मालिकेतले दोन उपग्रह मिळून एका जागेवर साधारण दर ५ दिवसांनी येतात. वेळ ठरलेली: आपल्याकडे सकाळी अकराच्या आसपास.

चित्र दोन प्रकारांत मिळतं, एल१सी आणि एल२ए. एल२ए घ्या. हवेतल्या धुरकटपणाचा परिणाम त्यातून बराचसा काढून टाकलेला असतो.

आता बारकावा किती दिसतो ते आपल्या मापात समजून घेऊ. मुख्य रंगांमध्ये चित्राचा एक ठिपका जमिनीवर १० मीटर बाय १० मीटर, म्हणजे जवळजवळ बरोबर एक गुंठा. काही पट्ट्यांमध्ये (पट्टी म्हणजे उपग्रह वेगळा टिपतो तो प्रकाशाचा एकेक तुकडा) तो २० मीटरचा, म्हणजे चार गुंठे. पंधरा फुटी नाला यात दिसणार नाही. नदीच्या काठावरच्या ठिपक्यात अर्धं पाणी आणि अर्धं बाभळीचं झाड असतं, त्याचा आकडा दोघांचाही नसतो. म्हणूनच वर शंभर मीटर रुंदीची अट घातली.

तारीख निवडताना ढगांचं प्रमाण ठरवायची पट्टी दिसेल. ती फार खाली आणू नका. ढगांची टक्केवारी पूर्ण चौकटीची असते आणि ती चौकट शंभर किलोमीटरहून मोठी. ‘४० टक्के ढग’ लिहिलेल्या दिवशीही सगळे ढग सह्याद्रीवर आणि उजनी लख्ख उघडी, असं कित्येकदा असतं. जून ते सप्टेंबर मात्र सोडून द्या. त्या दिवसांत ढगांमधून नशिबाने एखादी फट मिळते, आणि मिळाली तरी पाणी गढूळ. तांबूस गाळ म्हणजे प्रदूषण नव्हे, तो पाऊस आहे. कामाचा हंगाम नोव्हेंबर ते मे.

सुरुवातीला ‘ट्रू कलर’, म्हणजे डोळ्याला दिसतं तसं चित्र लावा. नोव्हेंबरचं एक, एप्रिलचं एक. दोन्ही पाच-पाच मिनिटं नुसती बघा, काहीही मोजू नका.

हिरवं तीन तऱ्हेचं असतं

इथे थोडं थांबू, कारण सगळी गंमत आणि सगळ्या चुका इथेच आहेत. पहिल्यांदा हे केलं तेव्हा मी एप्रिलच्या चित्रात काठाकाठाने गर्द हिरवा पट्टा पाहिला आणि मित्राला फोन केला, ‘अरे, शेवाळ काठाला लागलंय.’ त्याचं गाव त्याच काठावर. तो हसला. ती गाळपेर होती. धरणाचं पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या ओलसर जमिनीत लोक पिकं घेतात, आणि मी त्यांच्या शेतांना प्रदूषण ठरवत होतो.

तर हिरवं तीन तऱ्हेचं. गाळपेर जमिनीवर असते. जलपर्णी पाण्यावर तरंगते. शेवाळ पाण्यात मिसळलेलं असतं. ट्रू कलरमध्ये तिन्ही सारखीच दिसतात, म्हणून डोळ्याला न दिसणारा प्रकाश कामाला लावायचा.

‘फॉल्स कलर’ लावा. यात निकट-अवरक्त प्रकाश लाल रंगात दाखवलेला असतो. जिवंत पान हा प्रकाश जोरात परत फेकतं आणि पाणी तो गिळून टाकतं. त्यामुळे गाळपेर आणि जलपर्णी दोन्ही लालभडक होतात. पाण्यात विरघळल्यासारखं पसरलेलं शेवाळ मात्र काळपट-निळसरच राहतं, कारण त्याच्याभोवती पाणीच पाणी. एका झटक्यात तिघांमधलं एक वेगळं निघालं.

उरली गाळपेर आणि जलपर्णी. त्यासाठी पाच किंवा दहा दिवसांनंतरचं चित्र शेजारी ठेवा. शेत जागेवरच राहतं. जलपर्णी वाऱ्याबरोबर सरकते, तुटते, दुसऱ्या काठाला जाऊन लागते. फक्त एखाद्या बंधाऱ्यामागे अडकलेली असेल तर ती हलत नाही. तिथे मागच्या पावसाळ्यानंतरचं चित्र काढून बघायचं, की ही जागा भरल्या धरणात पाण्याखाली होती का.

शेवाळही कधीकधी फसवतं. फार माजलं आणि वारा पडला की ते वर येऊन दुधावरच्या सायीसारखा थर धरतं. तो थर फॉल्स कलरमध्ये लालसर दिसतो. पण सायीचे पट्टे लांबट, नागमोडी, वाऱ्याने ओढल्यासारखे असतात. जलपर्णीचे तुकडे भरीव आणि कडा स्पष्ट. चार-पाच चित्रं पाहिली की नजर बसते.

आणि रंग दिसला म्हणजे घाण, असंही धरून चालू नका. जून २०२० मध्ये बुलडाणा जिल्ह्यातलं लोणारचं सरोवर गुलाबी झालं, उपग्रहाच्या चित्रांतही ते स्पष्ट दिसलं आणि तर्कांना ऊत आला. तपासणीत निघाले ते खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव.

आकडा काढणं

डोळ्याने ओळख झाली की आकड्याकडे वळायचं. ब्राउझरमध्ये ‘कस्टम’ निवडून ‘इंडेक्स’ उघडा. तिथे (अ − ब) ÷ (अ + ब) असं सूत्र तयार असतं, आपण फक्त दोन पट्ट्या उचलून अ आणि ब च्या जागी ठेवायच्या.

तीन जोड्या पाठ करा. बी३ (हिरवा प्रकाश) आणि बी८ (निकट-अवरक्त): उत्तर शून्याच्या वर असेल तर सहसा ते मोकळं पाणी. बी८ आणि बी४: हा नेहमीचा वनस्पती निर्देशांक, जलपर्णी यात उंच जाते. तिसरी जोडी आपली खरी, बी५ आणि बी४. शेवाळातलं हरितद्रव्य ६६५ नॅनोमीटरच्या आसपासचा लाल प्रकाश शोषतं, म्हणजे बी४ खाली जातो. आणि ७०५ नॅनोमीटरच्या जवळ पाण्यातून परतणारा प्रकाश वाढतो, म्हणजे बी५ वर चढतो. या दोघांतली तफावत जेवढी मोठी तेवढं शेवाळ जास्त. सचिदानंद मिश्र आणि दीपक मिश्र यांनी २०१२ साली हा निर्देशांक मांडला, तो अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या खाड्यांसाठी. इंटरनेटवर त्याचे तक्ते मिळतात, की अमुक आकडा म्हणजे हरितद्रव्य इतके मायक्रोग्रॅम. ते तक्ते उजनीला लावू नका. आपला गाळ वेगळा, खोली वेगळी. आपण आकडा फक्त आपल्याच जलाशयाच्या दुसऱ्या तारखेशी ताडायचा.

बी५ पट्टी वीस मीटरची असल्याने इथे ठिपका चार गुंठ्यांचा असतो, हे विसरू नका. उलट जलपर्णीसाठी दहा मीटरच्या पट्ट्या वापरता येतात, आणि तिथे हिशेब फार गोड आहे: वनस्पती निर्देशांक ०.४ च्या वर असलेले पाण्यावरचे ठिपके मोजा, चाळीसने भागा, एकर मिळाले. ही ०.४ ची रेषा मी माझ्या अंदाजाने धरतो. तुम्ही तुमच्या तलावावर काठावरून खात्री केलेला एखादा तुकडा घेऊन ती ठरवा.

एका चित्रावर समाधान मानायचं नाही. ब्राउझरमध्ये नकाशावर चौकोन काढता येतो आणि त्या चौकोनाच्या सरासरीचा तारखांनुसार आलेख मिळतो. चौकोन काठापासून निदान पन्नास मीटर आत काढा, पाणी तेवढं रुंद नसेल तर मधोमध काढा, आणि उन्हाळ्यात पाणी कुठपर्यंत मागे जातं ते पाहूनच काढा. नाहीतर मार्चनंतर तुमचा चौकोन कोरड्या चिखलावर असेल आणि आलेख आनंदाने वर चढत राहील. आलेखात एखादा बिंदू एकटाच उसळलेला दिसला तर त्या दिवसाचं चित्र उघडा. शंभरदा बघितलंत तर बहुतेकदा पातळ ढग, ढगाची सावली किंवा पाण्यावरची चकाकी निघेल. मे महिन्यात सूर्य डोक्यावर येतो, पाणी आरशासारखं चमकतं आणि सगळे आकडे बिघडतात. असे दिवस वहीतून खोडून टाका.

ज्यांना चित्रं उतरवून घेऊन क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत संगणक-प्रणालीत हिशेब करायचा आहे त्यांच्यासाठी एक सूचना, जिने माझे दोन आठवडे खाल्ले. २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या मूळ आकड्यांमध्ये १००० मिळवलेले असतात. त्यानंतरच्या चित्रांतून ते वजा न करता जुन्या वर्षांशी तुलना केली, तर २०२२ साली धरण अचानक बदललं असा शोध लागतो. ब्राउझर ही वजाबाकी आपोआप करतो.

उगमाकडे चालत जाणं

शेवाळ जिथे दिसतं तिथे सांडपाणी सोडलेलं असतं असं नाही. पोषण शंभर किलोमीटर वरून येऊ शकतं, आणि शेवाळ दिसतं ते जिथे पाणी संथ, उथळ आणि गरम आहे तिथे. म्हणून ‘हिरवा डाग म्हणजे गुन्हेगाराचा पत्ता’ असं समजू नका.

पत्ता शोधायची रीत नदीच्या संगमांवर चालते. रांजणगाव सांडसच्या वर भीमेवर एक चौकोन, मुळा-मुठेवर संगमाआधी एक, आणि दोघी एकत्र झाल्यावर तिसरा. नदी अरुंद असली तरी केटी (कोल्हापूर पद्धतीच्या) बंधाऱ्यामागे पाणी पसरलेलं असतं, चौकोन तिथे काढा. एकाच दिवशीचे तिन्ही आकडे घ्या. कुठली बाजू बिघडलेली आहे ते आठ-दहा तारखांत स्वच्छ होतं. मग त्या नदीवर आणखी वर सरकायचं आणि पुन्हा तेच. जलपर्णीही वाटाड्याचं काम करते: ती बंधाऱ्याच्या मागे दाटते, आणि कुठल्या बंधाऱ्यापासून वर ती दिसायची बंद होते हे टिपलं तर शोधाचा टप्पा लहान होतो.

शेवटचा किलोमीटर सेंटिनेलने होत नाही. तिथे गूगल अर्थवरची जुनी चित्रं उघडा. त्यात नाल्याचं तोंड, पाइप, कधी पाण्यात शिरलेली काळी जीभसुद्धा दिसते. मात्र ती चित्रं वेगवेगळ्या उपग्रहांची आणि रंग जुळवून घेतलेली असतात, त्यांच्या रंगांची तुलना करायची नाही. ती फक्त जागा पाहण्यापुरती. चित्राची तारीख तेवढी टिपून ठेवा.

हवा, आग, तेल: दारातून एक नजर

हेच डोकं इतरत्र चालतं, फक्त यंत्र बदलतं. हवेसाठी सेंटिनेल-५पी, ऑक्टोबर २०१७ मध्ये गेलेला. तो नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, मिथेन वगैरे मोजतो, दुपारी दीडच्या सुमारास. त्याचा ठिपका साडेपाच किलोमीटर बाय साडेतीन, म्हणजे सुमारे १,९०० हेक्टर. एवढ्यात दोन-चार गावांची शिवारं येतात, तेव्हा ‘या कारखान्याची चिमणी’ असं बोट दाखवता येत नाही. शिवाय तो जमिनीपासून वरपर्यंतच्या हवेच्या पूर्ण खांबातला वायू मोजतो, आपल्या नाकासमोरचा नव्हे. एका दिवसाचं चित्र सोडा, महिन्याची सरासरी घ्या. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राभोवतीचा भाग आणि शेजारचं ताडोबा असा जोड घेऊन सराव केलात तर लवकर समजेल.

आगीसाठी नासाचं ‘फर्म्स’. उपग्रह वरून गेल्यावर साधारण तीन तासांत लाल ठिपके नकाशावर येतात, बारकावा ३७५ मीटर. उसाचं पाचट पेटवण्याच्या दिवसांत पश्चिम महाराष्ट्राचा नकाशा बघण्यासारखा असतो. ठिपका म्हणजे जळालेलं क्षेत्र नव्हे. वीटभट्टीही ठिपका देऊ शकते, आणि संध्याकाळी लावून दोन तासांत विझलेली आग उपग्रहाच्या दोन फेऱ्यांमध्ये सुटून जाते.

समुद्रातल्या तेलासाठी सेंटिनेल-१ चं रडार. तेल बारीक लाटा दाबून टाकतं, पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि रडारच्या चित्रात काळा डाग उमटतो. रडारला ढगांची अडचण नाही, म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर गोव्याच्या किनाऱ्यावर डांबराचे गोळे येऊ लागले की आधीच्या आठवड्यातली रडार चित्रं उघडून बघावीत. गोळे दिसणार नाहीत, बाहेर समुद्रात तवंग होता का ते दिसू शकतं. पण वारा पडलेला असला तरी समुद्र तसाच काळा दिसतो. त्या दिवसाचा वारा तपासल्याशिवाय ‘तेल’ म्हणू नका.

बाटली घेऊन जायचा दिवस

आता परत उजनीवर. मागच्या चित्राची तारीख धरून पाच-पाच दिवस मोजा, उपग्रह येण्याचा दिवस कळतो. त्याच दिवशी, सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान, पाण्यावर असायचं. नाव भिगवण किंवा कुंभारगावच्या मच्छीमाराची घ्या. हिरवं पाणी कधी येतं, कुठल्या वाऱ्याला कुठे साचतं, हे त्यांना तोंडपाठ असतं, आणि तुमच्या आलेखात न कळलेल्या अर्ध्या गोष्टी ते वल्हवता वल्हवता सांगतात.

सोबत घरी केलेली तबकडी न्या. वीस सेंटिमीटरची पत्र्याची थाळी घ्या, चार भाग करून आलटून पालटून काळा-पांढरा रंग द्या, मध्ये भोक पाडून खुणा केलेली दोरी आणि खाली वजन बांधा. सावलीच्या बाजूने पाण्यात सोडा. दिसेनाशी झाली ती खोली लिहा. वैज्ञानिक याला सेकी तबकडी म्हणतात. दाट शेवाळात ती हातभर खोलीवरही दिसत नाही, आणि उपग्रहालाही साधारण तेवढंच वरचं पाणी दिसत असतं.

हरितद्रव्यासाठी पाणी गडद बाटलीत, बर्फात, त्याच दिवशी प्रयोगशाळेत. कोणत्या चाचण्या करायच्या ते आधी फोन करून ठरवा: हरितद्रव्य, एकूण फॉस्फेट आणि बीओडी (पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा प्राणवायू) एवढ्या पुरेत. मोबाइलवर अक्षांश-रेखांश आणि वेळ टिपा. हिरव्या सायीत हात घालू नका, हातमोजे घाला. काही नील-हरित शेवाळं विष तयार करतात.

तुमच्या बाटलीला कायद्यात पुराव्याची किंमत नाही. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्यानुसार नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने ठरलेल्या पद्धतीने घ्यावा लागतो. म्हणून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उप-प्रादेशिक कार्यालयाला अर्ज करताना ‘पाणी दूषित आहे’ असं मोघम लिहिण्यापेक्षा, अमुक जागी, अमुक महिन्यांत, इतक्या तारखांना हा फरक दिसला, तरी तिथून नमुना घ्यावा, असं लिहा. वरच्या बाजूचं आणि खालच्या बाजूचं चित्र, दोन्ही एकाच तारखेचं, एकाच रंगपट्टीत. आलेख एक, जास्त नको. आणि अर्जात अक्षांश-रेखांशाखाली जवळच्या वस्तीचं आणि रस्त्याचं नावही घाला. जीपमधून येणारा माणूस अक्षांश विचारत नाही, वस्ती विचारतो.